जुनी पद्मिनी चालू होत नाही? भंगारवाल्याला बोलावण्याआधी करंट तपासा

ऑक्टोबर 2023 संपता संपता मुंबईतली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे बंद झाली. शेवटच्या टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेव आरटीओत झाली होती आणि मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची मर्यादा आहे, म्हणून तिचा हिशेब तिथे संपला. पण घरची, पांढऱ्या नंबरप्लेटची पद्मिनी अजून बऱ्याच ठिकाणी उभी आहे. कुठे अब्बांनी घेतलेली, कुठे मामूंनी कोकणात नेऊन ठेवलेली. दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करून घेतली की ती कायद्याने रस्त्यावर येऊ शकते. अडचण वेगळीच असते. गाडी चार-सहा महिने उभी राहते, मग एक दिवस चावी फिरवली की सेल्फ मारतो, इंजिन फिरतं, पण पेटत नाही.

इथून पुढे बहुतेक घरांत एकच गोष्ट होते. ओळखीचा मेकॅनिक येतो, आधी प्लग बदलतो, मग कॉइल, मग म्हणतो ‘टायमिंग गेलंय’. हजारो रुपये जातात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, आता भंगारात द्या. स्कॅनर लावून फॉल्ट शोधणाऱ्या पोरांचा यात दोष नाही, त्यांनी पॉइंटवाली गाडी पाहिलेलीच नसते. आणि कुर्ल्यात, जिथे ही गाडी बनायची, तिथले हाताने टायमिंग लावणारे उस्ताद आता वयस्क झालेत. म्हणून हे काम घरच्या माणसाला निदान समजावं, एवढ्यासाठी हा लेख.

आधी करंटचा रस्ता समजून घ्या. बॅटरीचे 12 व्होल्ट चावीच्या स्विचमधून कॉइलला येतात. कॉइलच्या दुसऱ्या टोकाची वायर डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘डेल्को’त, पॉइंटला जाते. पॉइंट मिटलेले असले की करंट त्यांच्यातून अर्थला जातो आणि कॉइल भरते. पॉइंट उघडले की तो करंट एकदम तुटतो, आणि त्याच झटक्याने कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. ते मधल्या जाड वायरने कॅपमध्ये येतात, तिथून रोटर त्यांना ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे पाठवतो. पॉइंटच्या जोडीला असलेला छोटा कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी दाबतो, त्यामुळे करंट झटकन तुटतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर चार सिलिंडरच्या गाडीत हे सेकंदाला 100 वेळा होतं. एवढं काम करणाऱ्या पॉइंटवर महिनोन् महिने दमट हवा बसली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

पहिली तपासणी प्लगची. एक प्लग काढा, त्याची वायर परत त्याला लावा, प्लगचा लोखंडी भाग इंजिनला नीट टेकवून ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरायचा नाही, आणि उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते म्हणून तो भोकापासून लांब टेकवायचा. कडक, निळसर, आवाज करणारी ठिणगी दिसली तर करंट ठीक आहे, तुमचा प्रश्न पेट्रोलचा किंवा कार्बोरेटरचा असण्याची शक्यता जास्त. पिवळी, मरतुकडी ठिणगी किंवा काहीच नाही, तर पुढे वाचा.

आता लागतो टेस्ट लॅम्प. पार्किंग लाइटचा 5 वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी, बस. महागड्या मीटरपेक्षा या कामाला हाच बरा, असं आमचं मत. डेल्को कॅपमधून मधली जाड वायर काढून तिचं टोक इंजिनच्या लोखंडाला टेकवून ठेवा, म्हणजे करंट भलतीकडे उडी मारणार नाही. चावी ऑन करा. लॅम्पचं एक टोक इंजिनला, दुसरं कॉइलच्या त्या टोकाला जिथे स्विचची वायर येते. लॅम्प लागला नाही तर बिघाड कॉइलच्या आधी आहे: स्विच, जॉइंट किंवा वायर. जुन्या गाडीत कुणी ना कुणी टेप गुंडाळून जोड मारलेला असतोच, आधी तो उघडून बघा. आत हिरवट पावडर दिसली तर चोर सापडला. खात्री करायची तर बॅटरीच्या प्लसवरून थेट कॉइलच्या या टोकाला तात्पुरती वायर द्या. गाडी पेटली तर कॉइल, पॉइंट सगळं निर्दोष. पण लक्षात ठेवा, ती वायर लावलेली असताना चावी बंद करून इंजिन बंद होत नाही. वायर काढावी लागते, आणि तशीच ठेवून गाडी चालवायची नाही.

लॅम्प लागला, तर तोच आता कॉइलच्या दुसऱ्या टोकाला लावा, जिथून डेल्कोला वायर जाते. इंजिन हळूहळू फिरवा. सगळे प्लग काढून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून ढकलली तरी इंजिन सहज फिरतं. पॉइंट उघडे असताना लॅम्प लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. लुकलुक होत असेल तर हा अर्धा भाग चालू आहे. सतत लागलेलाच राहिला तर करंट पॉइंटमधून अर्थपर्यंत पोहोचत नाहीये. उभ्या राहिलेल्या गाडीत हेच सर्वात जास्त सापडतं. पॉइंटच्या तोंडावर गंज किंवा काजळी असते, बारीक पॉलिश पेपर फिरवून कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसलं की काम होतं. तरीही लागलेलाच, तर डेल्कोच्या आतली छोटी लवचिक वायर बघा. ती वरून चांगली दिसते आणि आवरणाच्या आत तुटलेली असते. गाडी उभ्याने चालते आणि रेस दिली की मिसिंग करते, त्याचंही कारण कधी कधी हीच वायर.

लॅम्प अजिबात लागतच नसेल तर कॉइलवरून डेल्कोची वायर सोडवा आणि त्याच टोकाला पुन्हा लॅम्प लावा. आता लागला, म्हणजे कॉइल ठीक आहे, पुढे डेल्कोत किंवा कंडेन्सरमध्ये शॉर्ट आहे. आताही नाही लागला, तर कॉइल आतून तुटली. नवी कॉइल घ्यायची वेळ ही, त्याआधी नाही. आणि हे सगळं करताना चावी उगाच ऑन ठेवून चहाला जाऊ नका. पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापून जाते.

पावसाळ्यात कॅप काढून आत बघावं. ओल असेल तर पुसून कोरडी करा. आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर करंटने तिथून वाट काढलीय, ती कॅप बदलायचीच.

आता टायमिंग. एक गोष्ट पक्की समजा, रात्रीत टायमिंग सहसा हलत नाही. पॉइंटचा गॅप बदलतो आणि त्याच्याबरोबर टायमिंग सरकतं. गॅप वाढला की ठिणगी लवकर पडते, कमी झाला की उशिरा. म्हणून आधी गॅप. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना फिलर गेजने 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या दरम्यान ठेवा, नंतरच डेल्कोला हात लावा. आणि हात लावण्याआधी डेल्को आणि इंजिन यांच्यावर मिळून खडूने किंवा रंगाने एक खूण करून ठेवा.

पहिला सिलिंडर म्हणजे रेडिएटरकडचा. त्याच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि इंजिन फिरवा. अंगठ्याला हवेचा दाब लागला की तो पिस्टन कॉम्प्रेशनला वर येतोय. आता टायमिंगची खूण जुळवा आणि रोटर बघा. त्याचं तोंड पहिल्या प्लगच्या वायरकडे हवं. बरोबर उलट दिशेला असेल तर तुम्ही एक फेरा चुकीच्या जागी आहात, इंजिन अजून एक पूर्ण फेरा फिरवा. मग डेल्कोचा क्लॅम्प सैल करा, टेस्ट लॅम्प कॉइलच्या डेल्कोकडच्या टोकाला, चावी ऑन. डेल्को आधी रोटर फिरतो त्या दिशेला थोडा फिरवा म्हणजे पॉइंट मिटून लॅम्प विझेल. मग उलट दिशेने अगदी हळू. लॅम्प ज्या क्षणी लागतो, त्या क्षणी ठिणगी पडते. तिथेच थांबा, क्लॅम्प कसा. वायरींची पाळी 1-3-4-2, रोटर फिरतो त्या दिशेने.

बरोबर लागलं की नाही, हे चढावर कळतं. कशेडी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनातून खडे वाजल्यासारखा आवाज आला तर ठिणगी लवकर पडतेय, डेल्को रोटरच्या दिशेने जरासा सरकवा. हा आवाज ऐकून न ऐकल्यासारखं करू नका, त्यात पिस्टन जातो. उलट पिकअप नाही, गाडी तापते, सायलेन्सरमधून फट-फट होते, तर ठिणगी उशिरा आहे.

नवीन पॉइंट टाकले असतील तर कॅमवर ग्रीसचं अगदी बोट पुसण्याइतकं बोट लावा. पॉइंटची टाच सुरुवातीला लवकर झिजते, त्यामुळे काहीशे किलोमीटर झाले की गॅप पुन्हा तपासा. गावाला निघताना डिकीत पॉइंटचा एक सेट, एक कंडेन्सर आणि तो 5 वॅटचा लॅम्प ठेवा. महाड-खेडच्या पट्ट्यात रविवारी संध्याकाळी हे सामान मिळणं कठीण असतं.