हफमन-सारणीतील एक सुरक्षादोष

सप्टेंबर २०२३ मध्ये ‘लिबवेबपी’ या चित्रसंस्करणाच्या लायब्ररीत आढळलेला दोष उद्बोधक आहे. संक्षेपित चित्र उलगडण्यास लागणाऱ्या हफमन-सारणीसाठी स्मृतीत जागा राखली जाई, ती नियमबद्ध संकेतांना पुरेल इतकीच. संकेत खरोखर नियमबद्ध आहेत काय, याची पूर्ण परीक्षा मात्र सारणी भरून झाल्यावर होई. परिणामी, हेतुपुरस्सर विकृत केलेले चित्र राखीव मर्यादेपलीकडे लेखन घडवून आणी. असा गैरवापर प्रत्यक्ष होत असल्याचे गूगलने तेव्हाच मान्य केले. १.३.२ या आवृत्तीत आधी परीक्षा व मग लेखन, असा क्रम आला. तथापि क्रोम, फायरफॉक्स इत्यादी आज्ञावलींनी ही लायब्ररी आपल्यात सामावून घेतली असल्याने मूळ दुरुस्ती पुरेशी नव्हती. प्रत्येक आज्ञावलीची नवी आवृत्ती काढणे भाग पडले.