तिळाच्या दाण्यातला जिग

बाळांनो, शिरोली एमआयडीसीत माझी सारी हयात मशीनशॉपमध्ये गेली. फौंड्रीतनं आलेला जॉब आम्ही जिगमध्ये बसवायचो आणि ड्रिल बुशमधून बरोब्बर ठरल्या जागी उतरायचं. जिग स्वतः भोक पाडत नाही, जागा दाखवतो. असाच एक जिग तिळाच्या झाडात आहे. त्याची गोष्ट ऐका.

झाडाकडं कॉनिफेरिल अल्कोहोल नावाचा कच्चा माल असतो. लाकूड कडक करणारं लिग्निन याच मालाचं. पण तीळ त्यातनं लिग्नॅन नावाचे रेणूही घडवतो. आधी एक विकर, म्हणजे एन्झाइम, या रेणूचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतं. असे दोन अस्वस्थ रेणू भेटले की लगेच जुळतात. मात्र मोकळे सोडले तर कसेही जुळतात, एकाच घडणीचा माल मिळत नाही. इथं डिरिजंट नावाचं प्रथिन, हाच तो जिग, दोघांना धरून नेमकं बसवतं, आणि पिनोरेसिनॉल एकाच वळणाचा तयार होतो. या प्रथिनाचा शोध अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली फोर्सिथियाच्या झुडपात लावला.

पुढचं काम पी-४५० नावाच्या घराण्यातल्या विकराचं. पिनोरेसिनॉलच्या दोन्ही टोकांना हायड्रॉक्सिल आणि मिथॉक्सी हे गट शेजारी शेजारी असतात. ऑक्सिजनच्या मदतीनं विकर त्यांना जोडून कडं बनवतं. एका टोकाला कडं बसलं की पायपेरिटॉल, दोन्हीकडं बसलं की सेसामिन! नवा कार्बन एकही लागत नाही. हे विकर जपानी शास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिलं. तिळाचं एक रानटी भावंड आहे, सेसामम अलाटम. त्याच्यातल्या या विकराच्या भावाला पिनोरेसिनॉलवर कडं घालणं जमत नाही, म्हणून त्याच्या दाण्यात सेसामिन सापडत नाही.

सेसामिनमध्ये आणखी एक विकर ऑक्सिजनचा अणू घुसवतं आणि सेसामोलिन होतं. हा उलगडा २०१७ सालचा. तीळ भाजले की सेसामोलिन फुटून सेसामॉल निघतो. भाजलेल्या तिळाचं तेल लवकर खवट होत नाही, त्यामागं हा सेसामॉल मोठा राखणदार आहे.

सेसामोलिनपर्यंतची एवढी कारागिरी बोंडात दाणा भरत असतानाच उरकते. तेव्हा येत्या पावसाळ्यात कुंडीत चिमूटभर तीळ पेरा आणि हिरवं बोंड उघडून बघा. रेणू डोळ्यांना दिसायचे नाहीत, पण रसायनशास्त्र शिकायची भूक तिथूनच लागेल.