लोहमार्गावरील गाडीचा परवाना

नागपुरांतील जरीपटका वस्तीचें नांव ऐकतांच मराठ्यांच्या निशाणाचें स्मरण होतें. त्या वस्तीजवळ मोतीबाग येथें अरुंद मापाच्या लोहमार्गाचें संग्रहालय २००२ सालीं उघडलें. आज तें दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेकडे, म्हणजे जुन्या बंगाल-नागपूर रेल्वेच्या वारसाकडे आहे. तेथील इंजिनें सर्वांच्या दृष्टीस पडतात. परंतु गाडी कोणाच्या आज्ञेनें चाले, याचीं लेखी साधनें कोणतीं, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

नागपुराहून निघालेला छत्तीसगडचा मीटर मापाचा मार्ग राजनांदगांवास पोहोंचला. छत्तीसगडचें धान्य बाहेर आणणें हा त्याचा प्रधान हेतु. १८८७ त स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें तो रुंद करून पुढें वाढविला, व १ फेब्रुवारी १८९१ पासून आसनसोलपर्यंत मालवाहतूक सुरू झाली. पुढें मँगनीज व कोळसा यांची भर पडली.

एकेरी मार्गाचा मूळ नियम असा, कीं दोन स्थानकांच्या दरम्यान एका वेळीं एकच गाडी असावी. जुन्या पद्धतींत मास्तर पुढील स्थानकास तारेनें विचारी. संमति येतांच ती वहींत नोंदून, गाडीचा क्रमांक व वेळ घातलेला सहीचा कागद ड्रायव्हरास देई. यासच ‘लाइन क्लिअर’ म्हणत. येथें सर्व भिस्त मास्तराच्या सावधपणावर. नीलच्या टोकन-यंत्रानें हा दोष पुष्कळ कमी केला. दोन्ही स्थानकांचीं यंत्रें विजेनें जोडलेलीं असल्यामुळें एक गोळा बाहेर निघाला, कीं तो कोणत्याही टोकाच्या यंत्रांत परत पडेपर्यंत दुसरा निघत नाहीं. चामडी पिशवींत घालून दिलेला तो गोळा हाच परवाना. मार्ग दुहेरी झाला, कीं समोरून येणाऱ्या गाडीची भीति सरते, टोकनाचें प्रयोजन उरत नाहीं, आणि सिग्नल हीच आज्ञा होते.

संशोधकांस यांतील मर्म हें, कीं पहिल्या पद्धतींत प्रत्येक गाडीमागें एक सहीचा कागद होता. पुढें आज्ञा कागदावरून धातूंत व धातूवरून दिव्यांत गेली. दिवा विझला, कीं त्याची खूण राहत नाहीं. बखरीपेक्षां रोजकीर्द अधिक विश्वसनीय मानणाऱ्या आमच्या वाचकांनीं कंपनीच्या अहवालाइतकेंच मोल मास्तराच्या वहीस द्यावें. अशा वह्या, कामकाजाचीं वेळापत्रकें व नियमपुस्तकें कोणाच्या घरीं आढळल्यास तीं रद्दींत जाऊं न देतां संग्रहीं ठेवावीं, अशी आमची विनंति आहे.