‘सुटले एकदाची’ म्हणजे नक्की कशातून?

(ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी या भागाचा लिखित मजकूर. मधले ‘अं… अं…’ आणि माईकजवळ ओरडणारं आमचं मांजर तेवढं काढलंय. बाकी बोलले तसंच.)

आजचा विषय ऐकून निम्मी मुलं भाग बंद करणार, मला माहितीय. करू नका. तुमच्या घरात चाळिशी-पन्नाशीची एक तरी बाई असेल ना? मग हा भाग तुमचाही आहे.

तर झालं असं. मागच्या जानेवारीत मी साताऱ्याला घरी गेले होते. बाहेर कडाक्याची थंडी. पप्पा कानटोपी घालून दोन गोधड्यांत गुडूप, आणि आई रात्री दोन वाजता फॅन पाचवर करून पलंगाच्या कडेला बसलेली. मी म्हटलं, “आई, वेड लागलंय का तुला?” तर ती अशी काही अंगावर आली की विचारू नका. दुसऱ्या दिवशी पोह्यांत मीठ नव्हतं आणि ते सांगायची आमच्या दोघांची हिंमत नव्हती.

मला वाटलं, माझ्यावरच चिडलीय. मी सत्तावीस वर्षांची आहे. माझ्या फोनमध्ये पाळीचं ॲप आहे. कपवर आणि पीसीओएसवर आपण इथे भाग केलेत. आणि माझ्याच आईची पाळी जायला लागलीय, हे मला कळलं नव्हतं.

आधी थोडी माहिती, पटकन. बाईच्या पोटात दोन बीजांडकोश असतात. जन्मतःच ठरावीक बीजांडांचा साठा घेऊन ती येते, तो संपत आला की इस्ट्रोजेन हे हॉर्मोन कमी व्हायला लागतं. ते एका रेषेत खाली येत नाही, तर हेलकावे खात येतं. कधी दोन महिने पाळी नाही, कधी पंधरा दिवसांत दोनदा. सलग बारा महिने पाळी आली नाही की डॉक्टर म्हणतात, रजोनिवृत्ती झाली. पाश्चात्त्य देशांत हे साधारण एक्कावन्नाव्या वर्षी होतं, भारतात सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास. आणि तो फॅन? मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा इस्ट्रोजेनच्या चढउतारामुळे हळवी होते. जरासं गरम झालं तरी तिला वाटतं, अंग पेटलंय, घाम काढा. म्हणून मग छातीपासून कानशिलांपर्यंत वाफ चढते, दोन-चार मिनिटांत उतरते आणि अंगावर काटा येतो. अमेरिकेत वर्षानुवर्षं हजारो बायकांचा मागोवा घेणारा एक अभ्यास आहे. त्यात ज्यांना हा त्रास वारंवार झाला, त्यांच्यात तो साधारण सात वर्षं टिकला. सात वर्षं! आणि मी तिला वेडी म्हणाले.

त्याच आठवड्यात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही मामाकडे गेलो, कराडच्या बाजूला. बायका गेल्यावर स्वयंपाकघरात आम्हीच उरलो. आजी, मामी, मोठी मावशी, आई आणि मी. मी धीर करून विषय काढला. आई लगेच तिळगुळाचे डबे आवरायला लागली. पण आजी (वय अठ्ठ्याहत्तर) म्हणाली, “आमच्यात नव्हतं बाई असलं काही. पाळी गेली, सुटले एकदाची.”

सुटलीस म्हणजे कशातून, आजी?

मग ती सांगायला लागली. लग्न होऊन आली तेव्हापासून महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं. पडवीत वेगळं अंथरूण, वेगळं ताट. लोणच्याच्या बरणीकडे बघायचंसुद्धा नाही. घरात एवढी माणसं, की कुणाला कधी कावळा शिवलाय हे सगळ्या गावाला माहीत. पाळी गेली आणि तिने पहिल्यांदा न मोजता देव्हाऱ्यात दिवा लावला. दोन वर्षांनी पंढरीच्या वारीला चालत गेली. वाटेत आली तर काय, ही धास्तीच उरली नव्हती. “तेव्हा कुठं मी माणसांत आले,” म्हणाली.

हे ऐकून मला मार्शा फ्लिंट या अमेरिकन संशोधक बाईंचं काम आठवलं. त्यांनी राजस्थान आणि हिमाचलमधल्या ४८३ रजपूत बायकांशी बोलून १९७५ साली एक निबंध लिहिला. त्याच्या नावातच प्रश्न होता: रजोनिवृत्ती, बक्षीस की शिक्षा? त्या बायकांनी पाळीत झालेल्या बदलापलीकडे फारशी तक्रारच सांगितली नाही. कारण पाळी गेली की त्यांचा पडदा सुटायचा. पुरुषांच्या बैठकीत येऊन बसता यायचं, थट्टामस्करी करता यायची. फ्लिंटबाईंनी त्याची तुलना अमेरिकेशी केली, जिथे बाईचं वय वाढलं की तिची किंमत उतरते.

निबंध गाजला. मलाही तो आवडतो, पण एक खडा लागतो. म्हणजे बाईला आधी तीस-पस्तीस वर्षं कोंडून ठेवायचं आणि दार उघडल्यावर ती हसली की म्हणायचं, बघा, हिला कसला त्रास नाही?

आता तुम्ही विचाराल, त्रास खरंच नव्हता की सांगितला नाही? इथे गंमत आहे. मेक्सिकोतल्या युकातान भागातल्या माया बायकांवर अभ्यास झालाय. त्या पाळी जायची वाट बघत असतात आणि अंगातून वाफा येतात असं कुणीच सांगत नाही. पुढे डॉक्टरांनी त्यांचे हॉर्मोन तपासले, तर ते अमेरिकन बायकांसारखेच खाली आलेले. हाडांची घनताही कमी झालेली. म्हणजे तक्रार नाही म्हणून आत काही घडत नाही, असं नसतं. जपानमध्ये मार्गारेट लॉक यांनी १९८०च्या दशकात शेकडो बायकांशी बोलून पाहिलं. तिथे या काळाला ‘कोनेन्की’ म्हणतात, आणि त्यात बायका खांदे आखडणं, डोकेदुखी, थकवा हे आधी सांगत होत्या, वाफा फार कमी जणी. पण आणखी एक गोष्ट लॉकना दिसली. ज्या बाईला त्रास होतो तिच्याबद्दल बोललं जायचं की हिला कामधंदा नाही, हे चैनीचं दुखणं.

आणि आमच्या स्वयंपाकघरात मामी काय म्हणाली असेल? “आम्हाला शेतातून वेळ कुठं होता वाफा मोजायला?” आईने तिळगुळाचा डबा जरा जोरातच बंद केला.

मावशीचं वेगळं. मावशी पुण्यात बँकेत आहे. तिची पाळी एक्केचाळिसाव्या वर्षी गेली, मूल होण्यासाठी उपचार चालू असतानाच. तिच्या तोंडी ‘सुटले’ कसं येणार? तिने एवढंच सांगितलं की त्या दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये ती अर्धा तास बसून होती आणि ड्रॉवरमधला पॅडचा पुडा तिने पुढे तीन वर्षं तसाच ठेवला. पंचेचाळिशीच्या आधी पाळी गेली तर हाडांची आणि हृदयाची काळजी जास्त घ्यावी लागते, म्हणून डॉक्टर सहसा हॉर्मोनच्या गोळ्या सुचवतात. मावशीलाही सुचवल्या होत्या. तिने घेतल्या नाहीत, कारण कुणीतरी सांगितलं की त्याने कॅन्सर होतो.

ही भीती आली कुठून, ते सांगायलाच हवं. १९६६ साली न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या डॉक्टरांनी एक पुस्तक लिहिलं. पाळी जाणं हा एक आजार आहे, इस्ट्रोजेन घ्या आणि कायम तरुण राहा, असा त्याचा सूर. पुस्तक धडाधड खपलं. त्यामागे औषध कंपन्यांचा पैसा होता हे नंतर उघड झालं. १९७५ मध्ये कळलं की नुसतं इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मग जोडीला प्रोजेस्टोजेन द्यायला लागले. २००२ मध्ये सोळा हजारांहून जास्त बायकांवरचा मोठा अमेरिकन अभ्यास मध्येच थांबवला, कारण स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. बातमी जगभर गेली. बातमीत जे बारीक अक्षरात होतं ते असं: दर दहा हजार बायकांमागे वर्षाला साधारण आठ जास्तीच्या केसेस, आणि त्या बायकांचं सरासरी वय होतं त्रेसष्ट. एक्केचाळिशीतल्या माझ्या मावशीचा त्या आकड्याशी संबंध जवळपास नव्हता. आज बहुतेक तज्ज्ञ सांगतात की साठीच्या आतल्या, बाकी तब्येत बरी असलेल्या बाईला खूप त्रास असेल तर सहसा फायदा धोक्यापेक्षा जास्त. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेल्यांना मात्र या गोळ्या सहसा देत नाहीत. थोडक्यात, व्हॉट्सॲपवर ठरवायची ही गोष्ट नाही.

आता जे सांगणार आहे, त्यासाठी खरं तर मी हा भाग केलाय.

मामाच्या रानात ऊसतोड चालू होती. बीडकडची टोळी आली होती. संध्याकाळी मामी कोप्यांवर बायकांना वाण द्यायला गेली, मी सोबत. एक ताई चुलीपाशी बसली होती. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी असेल, बत्तिशीची. मामीने सहज विचारलं, कंबर धरून का बसलीस? ती म्हणाली, “पिशवी काढली ना दोन वर्सांखाली. सुटले बाई एकदाची. आता खाडा नाय.”

तेच शब्द. सकाळी आजीने वापरलेले.

खाडा म्हणजे कामाला न जाणं. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, आणि दांडी पडली की पैसे कापले जातात. रानात संडास नाही, पाणी नाही, पाळीत मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढायचं. अंगावरून पांढरं जातं म्हणून ती दवाखान्यात गेली, तर तिला सांगितलं की पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल. दोन मुलं झालीच होती. ऑपरेशनसाठी पुन्हा उचल घेतली. ती अजून फिटतेय.

ही एकटी नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीसाठी बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं.

मी तिला विचारलं, “ताई, नुसती पिशवी काढली की बीजांडकोशपण?” ती म्हणाली, “ते काय असतंय?”

फरक मोठा आहे. नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण बीजांडकोश हॉर्मोन बनवत राहतात. तेही काढले तर जे बदल शरीर काही वर्षांत हळूहळू करतं, ते ऑपरेशनच्या टेबलावरून उतरल्यापासून सुरू होतात. वाफा, झोप उडणं, हाडं झिजणं. बत्तिसाव्या वर्षी. आणि काम काय, तर ऊस उचलणं. तिला रात्री घाम येतो का, असं विचारलं तर म्हणाली, “कोपीत तसंबी गरमच हुतं.” जानेवारी होता, मंडळी. मी स्वेटर घालून उभी होते. तिचे कागद दवाखान्यातच राहिलेत, त्यामुळे नक्की काय काढलं ते तिला सांगता येणार नाही आणि मलाही नाही.

येताना मामी गप्प होती. मग बोलली ती आजीबद्दल. चार वर्षांपूर्वी आजीने अचानक देव्हाऱ्यात दिवा लावणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणायची. मामीला संशय आला, कारण त्याच गुडघ्यांनी ती अंगणात सडा घालत होती. खोदून विचारल्यावर कळलं की तिला अंगावरून थोडंसं रक्त जात होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी. पाच महिने! आजीला वाटलं विटाळ परत आला, म्हणून ती आपणहून बाजूला झाली आणि कुणाला बोलली नाही.

मामीने कराडला नेलं. साधी गाठ निघाली, काढली. पण हे लक्षात ठेवा, आणि घरी सांगा: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी डॉक्टरकडे जायचं, त्याच आठवड्यात. बहुतेकदा कारण साधं असतं. दहातल्या साधारण एकीला मात्र गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि वेळेत सापडला तर तो बरा होण्यासारखा असतो. ‘वयाचंच आहे’ म्हणून घरी बसण्यातला हा सगळ्यात महागडा प्रकार.

परतीच्या एसटीत मी आईला म्हटलं, “सॉरी. त्या रात्री वेडी म्हणाले ना.” ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुझी आजी म्हणते तिला काही झालं नाही, मामीला वेळ नव्हता. मला वाटलं, मीच नाटकं करतेय.”

फेब्रुवारीत आम्ही डॉक्टरकडे गेलो. त्यांनी विचारलं, झोप कधीपासून नाही? आईने उत्तर दिलं, “चौदा महिने.” मी बाजूच्या खुर्चीत बसले होते. त्या चौदा महिन्यांत मी घरी अकरा वेळा गेले होते.

काय उपचार चाललेत ते ती इथे सांगू नको म्हणालीय, म्हणून नाही सांगत. पप्पांनी मात्र आता फॅनचं बटण पलंगाजवळ घेतलंय, आणि एक जास्तीची कानटोपी.

तुमच्या आईने, आजीने पाळी गेल्यावर कोणता शब्द वापरला? विचारा आणि व्हॉइस नोटवर पाठवा. नाव-गाव सांगायची गरज नाही. आई स्वतः बोलायला तयार असेल, तर फोन तिच्या हातात द्या आणि तुम्ही खोलीबाहेर जा. भेटू पुढच्या बुधवारी.