घरातली जुनी पेटी: ओळख, वय आणि किंमत

बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या आपल्या भागात भजनी मंडळाच्या खोलीत, देवळाच्या माडीवर किंवा घराच्या माळ्यावर एखादी जुनी पेटी हमखास असते. कुणाची हातपेटी, कुणाची पायपेटी, तर कुणाकडे पाच सप्तकांचा ऑर्गन. वाजवणारे आजोबा गेले, मुले पुण्याला किंवा परदेशी गेली आणि पेटीवर चादर पडली. मग जुन्या वस्तू घेणारा दारात येतो, भाता दाबून बघतो, ‘भंगार आहे, पण लाकडाचे पैसे देतो’ म्हणतो आणि घेऊन जातो. लाकडात त्याला रस नसतो, त्याचा डोळा आतल्या सुरांवर असतो. जुने जर्मन किंवा पॅरिसचे सूर काढून नव्या पेटीत बसवतात आणि उरलेला सांगाडा टाकून देतात. म्हणून विकायची असो वा नसो, आपल्या पेटीत काय आहे हे आपल्याला माहीत हवे.

आपल्या भागाचा आणि पेटीचा संबंध जुना आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. 1880 साली त्यांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाला बहर आला. पुढे या रंगभूमीवर पेटी आणि ऑर्गन हे साथीचे मुख्य वाद्य झाले. शेजारच्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे पेटीवादक म्हणूनच आधी गाजले. बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे यांनी पेटीवादकांच्या पिढ्या घडवल्या. एवढी परंपरा असलेल्या गावातली वाद्ये वजनावर जाऊ नयेत.

आधी प्रकार ओळखा

हार्मोनियम हे मूळचे युरोपातले वाद्य. 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या अलेक्झांद्र दबें यांनी या नावाचे पेटंट घेतले. ते पायाने हवा भरून वाजवायचे. जमिनीवर बसून एका हाताने भाता मारायची हातपेटी आपल्या देशात रुजली, आणि ती पसरवण्यात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या द्वारकिन कंपनीचा वाटा मोठा आहे. ही कंपनी 1875 साली निघाली.

आपल्याकडे सापडणारी वाद्ये साधारण तीन प्रकारची असतात.

हातपेटी: तीन ते साडेतीन सप्तकांची, मागे भाता असलेली. तिच्यात सुरांची एक ओळ आहे, दोन की तीन, हे आधी बघा. खर्ज, नर आणि मादी अशा वेगवेगळ्या सप्तकांच्या ओळी असतात. ओळी जितक्या जास्त तितके सूर जास्त, आणि तितकी किंमतही.

पायपेटी: खाली दोन पायटे. काही घडीच्या असतात, मिटल्यावर पेटाऱ्यासारख्या दिसतात. पॅरिसच्या कास्रिएल कंपनीच्या अशा पेट्या आपल्या देशात बऱ्याच आल्या.

ऑर्गन: उभे, कपाटासारखे वाद्य, बहुधा 61 पट्ट्यांचे. अमेरिकेच्या मेसन अँड हॅम्लिन आणि एस्टे या कंपन्यांची नावे यात आढळतात. पेटीत भाता हवा बाहेर ढकलतो, अमेरिकन ऑर्गनमध्ये तो हवा आत ओढतो. म्हणून ऑर्गनचा आवाज मऊ लागतो.

नावाच्या पट्टीवर एकदम विश्वास ठेवू नका

पुढच्या फळीवर कंपनीचे नाव असले की घरचे तेच प्रमाण धरतात. पण ते नाव पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचे असते, बनवणाऱ्याचे नसते. दुरुस्तीला गेलेल्या पेटीवर दुरुस्ती करणाऱ्यानेही आपली पट्टी मारलेली असते. तरी पट्टीचा एक उपयोग आहे. कंपनी निघाली त्याआधीची तिची पेटी असू शकत नाही. मुंबईच्या हरिभाऊ विश्वनाथ कंपनीची स्थापना 1925 ची. तेव्हा त्यांच्या नावाची पेटी ‘पणजोबांनी 1910 साली घेतली’ असे कुणी सांगत असेल, तर पेटी तरी दुसरी आहे किंवा साल तरी.

परदेशी वाद्यावर देशाचे नाव शोधा. 1887 च्या ब्रिटिश कायद्यानंतर परदेशी मालावर ‘मेड इन जर्मनी’ असे शिक्के मारण्याची पद्धत पडली. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिले असेल तर ती वस्तू 1949 नंतरची. ऑर्गनच्या आतल्या किंवा मागच्या फळीवर अनुक्रमांक असतो. एस्टेसारख्या मोठ्या कंपन्यांच्या अनुक्रमांकांवरून साल काढता येते, म्हणून तो आधी टिपून ठेवा.

सीमाभागाचा फायदा: पत्त्यावरून साल

आपल्या भागाची राज्ये आणि नावे इतक्या वेळा बदलली की जुना पत्ता हाच एक दाखला ठरतो. पेटीच्या आत चिकटवलेले लेबल, खरेदीची पावती, मंडळाच्या वहीतली नोंद, जे मिळेल ते बघा.

‘मुंबई इलाखा’ असेल तर कागद स्वातंत्र्यापूर्वीचा. बेळगाव किंवा निपाणीच्या पत्त्यात ‘म्हैसूर राज्य’ असेल तर तो 1 नोव्हेंबर 1956 ते 31 ऑक्टोबर 1973 या काळातला. ‘कर्नाटक’ असेल तर 1 नोव्हेंबर 1973 नंतरचा, कारण राज्याचे नाव त्या दिवशी बदलले. पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 नंतरचा. ‘बेळगावी’ हे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासूनचे. पावतीवर रुपये-आणे-पै असतील तर ती बहुधा 1 एप्रिल 1957 पूर्वीची, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. लोकांनी काही काळ आण्यांतच हिशेब लिहिला, म्हणून ‘बहुधा’ म्हटले.

मात्र कागदाचे वय आणि पेटीचे वय एकच असेल असे नाही. जुनी पेटी 1960 साली विकत घेतली असेल तर पावती 1960 चीच असणार.

पेटी उघडून बघा

वरची फळी बहुतेक पेट्यांत सहज उघडते. चांगल्या उजेडात, ब्रशने धूळ झाडून बघा. सुरांना बोट लावू नका, घामाने पितळ काळे पडते.

एक नियम लक्षात ठेवा: तिच्या सर्वांत नव्या मूळ भागापेक्षा पेटी जुनी असू शकत नाही. यातला ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण दुरुस्तीत घातलेले भाग नवे असणारच.

स्क्रू: जुन्या पेटीत एका सरळ खाचेचे स्क्रू असतात. अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात निघाले आणि आपल्याकडे त्यानंतर पसरले. सगळे स्क्रू सरळ खाचेचे आणि दोनच अधिकच्या खाचेचे असतील, तर तिथे दुरुस्ती झाली आहे.

डिंक: जुने काम सरसाने केलेले असते, तो तपकिरी आणि ठिसूळ होतो. पांढरा डिंक दिसला तर ते काम अलीकडचे. फेव्हिकॉल बाजारात आले 1959 साली.

लाकूड: मूळ सांगाडा सागवानी आणि तळ प्लायवूडचा असेल तर तळ बदललेला असू शकतो.

भाता: घड्यांच्या आत कधी जुने वर्तमानपत्र चिकटवलेले असते. त्यावरची तारीख दिसली तर तो भाता त्या तारखेनंतर बांधला आहे हे पक्के.

सुरांची परीक्षा

पेटीचा जीव तिच्या सुरांत असतो. पितळी पट्टीवर बसवलेली पितळी जीभ, म्हणजे रीड. तिलाच आपण सूर म्हणतो. आपल्याकडे मुख्यतः तीन ठिकाणचे सूर सापडतात: पॅरिसचे, जर्मनीचे आणि गुजरातेतल्या पालिताण्याचे. पालिताण्याचे सूर वाईट असतात असे मुळीच नाही, अनेक उत्तम पेट्या त्याच सुरांच्या आहेत. पण बाजारात जुन्या परदेशी सुरांना मागणी जास्त आहे.

पट्टीवर स्वराचे इंग्रजी अक्षर कोरलेले असते. आपण जिला पांढरी सात म्हणतो तिला इंग्रजीत ‘बी’ आणि जर्मन पद्धतीत ‘एच’ म्हणतात. त्या सुरावर ‘एच’ कोरलेले दिसले तर बोट जर्मन बनावटीकडे जाते. सगळ्या ओळींतल्या पट्ट्यांची घडण आणि अक्षरांचे वळण सारखे आहे का तेही बघा. मध्येच चार-पाच सूर वेगळे दिसले तर ते बदललेले आहेत.

दुसरी परीक्षा पट्टीची. आज पांढरी सहा 440 कंपनांना लावतात. हे माप 1939 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरले. त्याआधी फ्रान्समध्ये 1859 पासून 435 हे माप होते. मोबाइलवरच्या ट्यूनर ॲपने पेटीचे दहा-बारा सूर मोजा. सगळेच सारखे, सुमारे 20 सेंटनी उतरलेले लागले, म्हणजे काळी-पांढरीतल्या अंतराच्या पाचव्या हिश्श्याने, तर पेटी जुन्या फ्रेंच मापाची असण्याचा संभव आहे. एखादा उतरलेला, एखादा चढलेला असेल तर तो गंजाचा आणि धुळीचा परिणाम. जिभेच्या टोकाशी घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. अशा घासल्याच्या खुणा दिसल्या तर पेटी नंतर लावून घेतलेली आहे, मग या परीक्षेवर फार विसंबू नका.

घरातल्या गोष्टी तपासून घ्या

‘कॅम्पातल्या साहेबाकडून घेतली’, ‘बालगंधर्वांच्या साथीला होती’ अशा गोष्टी घरोघर सांगतात. खऱ्या असतीलही, पण फोटो, पत्र, कार्यक्रमाची पत्रिका असे काही नसेल तर किमतीत त्यांचे मोल शून्य. काही गोष्टी सालावरूनच तपासता येतात. धारवाड आकाशवाणी केंद्र 1950 साली सुरू झाले, आणि आकाशवाणीवर हार्मोनियमला 1940 पासून 1971 पर्यंत बंदी होती. तेव्हा ‘1955 साली धारवाड रेडिओवर गाण्याला आमचीच पेटी होती’ ही गोष्ट कौतुकाने ऐकावी, कागदावर लिहू नये.

किंमत कशी काढावी

मी नोकरीत असताना तारणाचे मूल्य काढायची एक रीत होती: आधी खात्रीची किमान किंमत काढायची, हौसेची किंमत नंतर. पेटीलाही तीच लावा.

पहिली पायरी: तेवढ्याच ओळींची आणि साधारण त्याच आवाजाची नवी पेटी आज किती रुपयांना मिळते, हे दोन दुकानांत विचारा. दुसरी: आपली पेटी वाजती करायला किती खर्च येईल, हे कारागिराकडून लिहून घ्या. तिसरी: आत न दिसणाऱ्या दोषांसाठी काही रक्कम वजा करा. केवळ रीत दाखवण्यासाठी आकडे धरू. नवी पेटी 30,000 रुपये, दुरुस्ती 9,000, दोषांसाठी 3,000. किमान किंमत 18,000. याच्या खाली बोली आली तर नको म्हणा.

यावर भर पडते ती तीन गोष्टींनी: मूळ आणि पूर्ण असलेले परदेशी सूर, न बदललेला सांगाडा आणि कागदोपत्री इतिहास. भर किती, हे एका माणसाला विचारून ठरवू नका. जो विकत घेणार आहे त्यालाच किंमत विचारणे म्हणजे कर्जदारालाच तारणाचे मूल्य काढायला सांगण्यासारखे आहे. वाजवणारा, दुरुस्त करणारा आणि विकणारा, अशा तिघांचे मत घ्या.

विक्रीआधी चकचकीत पॉलिश करू नका. जुने पॉलिश आणि जुनी लेबले हाच वयाचा पुरावा असतो, तो घासून गेला की परत येत नाही.

कायद्याच्या दोन गोष्टी

जुन्या परदेशी ऑर्गनच्या पांढऱ्या पट्ट्यांवर कधी हस्तिदंत असतो. हस्तिदंताचा तुकडा बहुधा दोन भागांत जोडलेला असतो आणि त्यावरच्या रेषा वेड्यावाकड्या असतात. सेल्युलॉइड अखंड आणि रेषा सरळ. तापलेली सुई लावून बघायची जुनी युक्ती करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटते. हस्तिदंताच्या व्यापाराला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, 1991 च्या दुरुस्तीनंतर आयात केलेल्या आफ्रिकन हस्तिदंतालाही. शंका असेल तर विकण्याआधी वनखात्याला विचारा.

दुसरे, परदेशातल्या मुलांसाठी. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे देशाबाहेर नेता येत नाही. पेटी त्याहून नवी असली तरी जुनी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचा दाखला आधी घ्यावा.

एवढे तरी करा

या पावसाळ्याआधी प्रत्येक मंडळाने आणि घराने आपल्या पेटीची एक पानभर नोंद करावी: प्रकार, पट्ट्या, सुरांच्या ओळी, पट्टीवरचे नाव, अनुक्रमांक, आतल्या लेबलाचा फोटो, कुणी कधी घेतली आणि कोण वाजवत असे. ज्यांना हे आठवते ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्याकडे आधी जा. मग पेटी कोरड्या जागी, भिंतीपासून हातभर लांब ठेवा, आत कडुनिंबाचा पाला टाका आणि आठवड्यातून एकदा दहा मिनिटे वाजवा. भात्याला कसर लागते ती बंद पडलेल्या पेटीत. वाजवणारे घरात कुणी नसेल तर पेटी शिकणाऱ्या मुलाला वापरायला द्या, नोंदीचे पान मात्र आपल्याकडे ठेवा.