बंदिस्त सभागृहातील छायाचित्रण आणि प्रकाशाचे गणित : डीएसएलआर कॅमेऱ्याच्या संदर्भात

बीजशब्द : डीएसएलआर, ॲपर्चर, शटरगती, आयएसओ, प्रकाशमापन, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन

प्रस्तावना

महाविद्यालयातील चर्चासत्रे, पारितोषिक वितरण, स्नेहसंमेलन, निरोप समारंभ हे प्रसंग एकदाच घडतात. त्यांची छायाचित्रे वार्षिकांकात छापली जातात, विभागाच्या अहवालास जोडली जातात, नॅक मूल्यांकनाच्या कागदपत्रांत पुरावा म्हणून सादर होतात. मात्र कार्यक्रम संपल्यानंतर संगणकावर ही छायाचित्रे उघडली असता त्यांतील बरीचशी काळपट अथवा हललेली निघतात, असा अनुभव सार्वत्रिक आहे. दीपप्रज्वलनाच्या छायाचित्रात ज्योती तेवढ्या दिसतात, प्रमुख पाहुण्यांचा चेहरा दिसत नाही. अशा वेळी दोष कॅमेऱ्यास दिला जातो आणि अधिक महागड्या कॅमेऱ्याची मागणी पुढे येते. वस्तुतः हा दोष बहुतांशी कॅमेऱ्याचा नसून त्याच्यावर सोपविलेल्या निर्णयांचा असतो. कोणते निर्णय कॅमेऱ्याकडून काढून घ्यावेत व कोणते त्याच्याकडेच ठेवावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

डोळा आणि कॅमेरा यांतील अंतर

भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाशाचे प्रमाण सुमारे १,००,००० लक्स असते. चांगली प्रकाशव्यवस्था असलेल्या वर्गखोलीत ते साधारणतः ३०० लक्स भरते. म्हणजे बाहेरच्या तुलनेत आत सुमारे ३३० पट कमी प्रकाश असतो. मानवी डोळा या फरकाशी इतक्या सहजपणे जुळवून घेतो की, सभागृहात बसलेल्या व्यक्तीस अंधार जाणवतही नाही. कॅमेऱ्याच्या संवेदकास ही सोय नाही. त्याच्यावर जेवढा प्रकाश पडेल तेवढाच तो नोंदवितो.

छायाचित्रणात प्रकाशाच्या दुपटीस किंवा निमपटीस ‘एक स्टॉप’ म्हणतात. वरील फरक या मापाने आठ स्टॉपांहून थोडा अधिक भरतो. तो भरून काढण्याची साधने तीनच आहेत : भिंगाचे छिद्र म्हणजे ॲपर्चर, संवेदक उघडा राहण्याचा काळ म्हणजे शटरगती, आणि संवेदकाकडून येणाऱ्या संकेताचे वर्धन म्हणजे आयएसओ. फ्लॅश हे चौथे साधन असले, तरी त्याचा विचार स्वतंत्रपणे करणे इष्ट ठरेल.

तीन साधने, एक हिशेब

ॲपर्चरचे आकडे उलट चालतात, ही नवशिक्याची पहिली अडचण होय. एफ/२, एफ/२.८, एफ/४, एफ/५.६, एफ/८ या क्रमात आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते आणि प्रत्येक पायरीस प्रकाश निम्मा होतो. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटर भिंगाचे छिद्र १८ मिलिमीटरवर एफ/३.५ पर्यंत उघडते. पण व्यासपीठ जवळ आणण्यासाठी ५५ मिलिमीटरपर्यंत झूम केले की ते एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. मागच्या रांगेतून झूम करून घेतलेली छायाचित्रे अधिक काळी किंवा अधिक हललेली का येतात, याचे उत्तर येथे आहे. शक्य असेल तेथे चार पावले पुढे जाणे हाच झूमला उत्तम पर्याय होय.

आता ३०० लक्सच्या सभागृहाचा प्रत्यक्ष हिशेब पाहू. एफ/५.६ आणि आयएसओ १०० ठेवल्यास योग्य उजळपणासाठी शटर सुमारे १/४ सेकंद उघडे ठेवावे लागते. एवढ्या काळात कॅमेरा धरणाऱ्याचा हातही हलतो आणि बोलणारा वक्ताही. आयएसओ १६०० केल्यास हाच काळ १/६० सेकंद होतो, ३२०० केल्यास १/१२५ सेकंद. याउलट ५० मिलिमीटर एफ/१.८ हे झूम नसलेले, तुलनेने स्वस्त भिंग वापरल्यास एफ/५.६ च्या जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो आणि आयएसओ ४०० वरच १/१६० सेकंद मिळतो. नवीन कॅमेऱ्यासाठी प्रस्ताव पाठविण्यापूर्वी या एका भिंगाचा विचार व्हावा, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो. अर्थात छिद्र मोठे केल्याने स्पष्टतेची खोली कमी होते. एकट्या वक्त्यासाठी ते चालते. परंतु व्यासपीठावरील दोन रांगांच्या समूहचित्रात मागची रांग पुसट होऊ नये म्हणून एफ/४ किंवा एफ/५.६ वर यावेच लागते.

शटरगतीविषयी जुना संकेत असा की, हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी ती भिंगाच्या नाभीय अंतराच्या व्यस्तापेक्षा मंद नसावी. लहान संवेदकाच्या डीएसएलआरमध्ये हे अंतर १.५ किंवा १.६ ने गुणून घ्यावे लागते. त्यामुळे ५५ मिलिमीटरसाठी किमान १/८० ते १/१०० सेकंद हवेत. भिंगातील कंपनरोधक यंत्रणा हाताचे कंपन सावरते. वक्त्याचा हलणारा हात ती थांबवू शकत नाही. शांत बसलेल्या श्रोत्यांसाठी १/६०, हातवारे करणाऱ्या वक्त्यासाठी १/१२५, आणि स्नेहसंमेलनातील लावणी वा लेझीमसाठी १/२५० किंवा त्याहून जलद गती उपयुक्त ठरते.

उरते ते आयएसओ. ते वाढविण्याची भीती अनेकांच्या मनात असते, कारण त्याने छायाचित्रात दाणे उमटतात. या भीतीस एके काळी आधार होता. २००३ च्या कॅनन ईओएस ३०० डी या कॅमेऱ्याची आयएसओ मर्यादाच १६०० होती. २००७ च्या निकॉन डी ३ ने मात्र ६४०० ही सर्वसाधारण मर्यादा दिली आणि पुढे सामान्य कॅमेऱ्यांतही हे तंत्र उतरले. छायाचित्र हलले तर त्यातील तपशील कायमचा गेला. कोणत्याही संगणकप्रणालीने तो पूर्णपणे परत मिळत नाही. दाणे मात्र नंतर कमी करता येतात, आणि वार्षिकांकातील चार इंच रुंदीच्या छपाईत ते बहुधा दिसतही नाहीत. म्हणून बंदिस्त जागेत प्रथम शटरगती निश्चित करावी, नंतर ॲपर्चर, आणि आयएसओ लागेल तेवढे वाढू द्यावे. आयएसओ कमी ठेवून काळे छायाचित्र घ्यायचे व नंतर संगणकावर उजळायचे, ही काटकसर अंगलट येते. जेपीईजी धारिकेत प्रत्येक रंगाच्या केवळ २५६ पायऱ्या असतात. त्यातील काळा भाग ताणला की दाणे तर वाढतातच, शिवाय चेहऱ्यांवर डागही पडतात. १२ किंवा १४ बिटांच्या रॉ धारिकेत ही दुरुस्ती पुष्कळ सुसह्य होते.

प्रकाशमापकाची फसगत

येथवरचा हिशेब बरोबर असूनही छायाचित्र काळे येऊ शकते. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक वस्तूंवर पडणारा प्रकाश मोजत नाही. वस्तूंकडून परावर्तित होऊन येणारा प्रकाश मोजतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे, म्हणजे सुमारे १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे तो गृहीत धरतो. समोर काय आहे हे त्यास खऱ्या अर्थाने कळत नाही. चुना दिलेली पांढरी भिंत, त्यापुढे पांढरा फ्लेक्स, त्यापुढे पांढरा सदरा घातलेले पाहुणे असे दृश्य आले की, प्रकाश फार झाला असे समजून तो सर्व काही करडे करतो. पांढरी भिंत राखाडी होते आणि तिच्यापुढील सावळा चेहरा काळवंडतो. मागे गर्द तांबडा मखमली पडदा असेल तर नेमके उलट घडते : पडदा उजळतो आणि चेहरे पांढरे पडतात.

यावरील उपाय म्हणजे अधिक-उणे चिन्ह असलेले बटण, अर्थात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. पांढऱ्या पार्श्वभूमीपुढे ते +१ पर्यंत, क्वचित +१.७ पर्यंत न्यावे; गडद पडद्यापुढे −०.७ च्या आसपास. पूर्ण स्वयंचलित मोडमध्ये बहुतेक कॅमेऱ्यांवर हे बटण निष्क्रिय असते. मोडची तबकडी ‘ऑटो’ वर ठेवून उजळ छायाचित्राची अपेक्षा करणे व्यर्थ ठरते ते यामुळेच. आणखी एक बाब दुर्लक्षित राहते. ॲपर्चर प्राधान्य मोडमध्ये आयएसओ स्थिर असताना +१ केले, तर कॅमेरा तो जादा प्रकाश शटर दुप्पट वेळ उघडे ठेवून मिळवितो. उजळपणा येतो, पण चित्र हलते. म्हणून ‘ऑटो आयएसओ’ सुरू करून किमान शटरगती १/१२५ नेमून द्यावी. ज्या कॅमेऱ्यात ही किमान मर्यादा नेमता येत नाही, तेथे शटर प्राधान्य मोड वापरावा.

दीपप्रज्वलन व प्रोजेक्टर हे दोन प्रसंग विशेष अवघड आहेत. समईच्या ज्योती किंवा प्रोजेक्टरचा पडदा चेहऱ्यापेक्षा कितीतरी प्रखर असतो आणि सरासरीस आपल्याकडे खेचून घेतो. येथे स्पॉट मापन निवडून ते चेहऱ्यावर घ्यावे. पडद्यावरील मजकूर त्यामुळे उडून जाईल. तथापि तो मजकूर वक्त्याकडून सादरीकरणाच्या स्वरूपात नंतरही मिळू शकतो. सभागृहाचे दिवे कार्यक्रमभर बदलणार नसतील, तर एकदा चेहऱ्यावर माप घेऊन मॅन्युअल मोडमध्ये आयएसओसह तिन्ही आकडे कायम करणे अधिक विश्वसनीय ठरते. वक्त्यामागील पडदा बदलला तरी वक्त्यावरील प्रकाश बदलत नाही.

फ्लॅश व नळीदिव्यांविषयी

कॅमेऱ्यातील अंगभूत फ्लॅशचा गाईड नंबर आयएसओ १०० ला साधारणतः १२ मीटर असतो. त्यास एफ-क्रमांकाने भागले की पल्ला मिळतो : एफ/५.६ वर अवघा दोन मीटरांहून थोडा अधिक. म्हणजे दहाव्या रांगेतून उडविलेला फ्लॅश पुढच्या श्रोत्यांच्या डोक्यांना उजळतो, व्यासपीठास नाही. आयएसओ १६०० केल्यास हा पल्ला चौपट होतो. स्वतंत्र फ्लॅश पांढऱ्या व कमी उंचीच्या छताकडे वळविल्यास प्रकाश मृदू पसरतो; उंच सभागृहात ही युक्ती निरुपयोगी होय. दीपप्रज्वलनाच्या वेळी तर फ्लॅश न वापरणेच श्रेयस्कर, कारण त्यात ज्योतींचे तेज हरपते.

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने जुन्या चोकच्या नळ्या व काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. फार जलद शटर ठेवल्यास एक छायाचित्र उजळ, दुसरे काळे, तिसऱ्यावर पट्टे असा प्रकार घडतो. अशा दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० सेकंद या गती सुरक्षित असतात.

पडद्यावरील भास

डीएसएलआरच्या नेत्रिकेतून दिसणारे दृश्य आरशावरून येत असल्याने छायाचित्र उजळ येईल की काळे, हे त्यातून आधी कळत नाही. आरसाविरहित कॅमेऱ्यात ते बऱ्याच अंशी कळते. मोबाईल तर अनेक प्रतिमा एकत्र करून स्वतःच उजळपणा साधतो. शेजारच्या विद्यार्थ्याच्या मोबाईलमधील चित्र महागड्या कॅमेऱ्यापेक्षा सरस दिसते ते या प्रक्रियेमुळे. डीएसएलआरमध्ये चित्र टिपल्यानंतर मागील पडद्यावर पाहण्याचा परिपाठ आहे. परंतु अंधाऱ्या सभागृहात तो पडदा प्रखर भासतो आणि काळपट चित्रही उजळ वाटते. कार्यालयातील संगणकावर खरी स्थिती उघड होते, तेव्हा पाहुणे आपल्या गावी पोहोचलेले असतात. यासाठी चित्राऐवजी हिस्टोग्राम पाहावा. आलेखाचा सर्व ढीग डाव्या कडेस साचलेला दिसला तर चित्र बहुधा काळे आहे, मग पडदा काहीही दाखवो. पहिल्या दोन-तीन चित्रांनंतर, म्हणजे स्वागतगीत सुरू असतानाच, हे पाहून घेतल्यास सुधारणेस अवधी राहतो.

कार्यक्रम संपल्यावर कॉम्पेन्सेशन शून्यावर आणि आयएसओ १०० किंवा २०० वर परत आणणे आवश्यक आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत कॉम्पेन्सेशन कॅमेरा बंद केला तरी तसेच राहते. १४ ऑगस्टच्या सायंकाळी सभागृहात +१ वर ठेवलेला कॅमेरा दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर नेला, तर ध्वजारोहणाची सर्व छायाचित्रे पांढरीफटक येतात.