40 लिटर रस, 1 लिटर सिरप: मेपल सिरप बनवायला शेजारी का एकत्र येतात?

पॅनकेकवर ओतलं जाणारं सोनेरी मेपल सिरप तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेलच. कॅनडातल्या क्युबेक, ऑंटॅरिओ प्रांतांत आणि अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात अनेक जण ते घरामागच्या अंगणात स्वतः बनवतात. तेही बऱ्याचदा शेजाऱ्यांना सोबत घेऊन.

असं का?

रस कधी येतो?

आपल्याकडे होळीचे दिवस असतात, साधारण तेव्हाच तिकडे हा हंगाम असतो. रात्री तापमान शून्याखाली आणि दिवसा शून्याच्या वर गेलं पाहिजे. रात्री गोठताना झाड मुळांतून पाणी वर ओढतं. दिवसा बर्फ वितळला की खोडात दाब वाढतो आणि रस बाहेर येतो.

त्यासाठी खोडाला साधारण 5 सेंटिमीटर खोल भोक पाडून तोटी बसवतात आणि खाली बादली टांगतात. खोडाचा व्यास किमान 25 ते 30 सेंटिमीटर असावा लागतो. लहान झाडाला हात लावत नाहीत.

मग शेजारी कशाला?

या रसात साखर असते जेमतेम 2 टक्के. म्हणून 1 लिटर सिरपसाठी जवळपास 40 लिटर रस आटवावा लागतो. एका तोटीतून अख्ख्या हंगामात साधारण तेवढाच रस मिळतो. म्हणजे अंगणात एकच झाड असेल, तर हाती येणार एखादी बाटली.

शिवाय रस दुधासारखा नासतो, त्यामुळे तो लवकर आटवावा लागतो. आग तासन् तास पेटती ठेवावी लागते. म्हणून चार घरांचा रस एकाच कढईत ओतला की लाकूड वाचतं आणि जागरणाच्या पाळ्याही वाटून घेता येतात. हे काम अंगणातच करतात. स्वयंपाकघरात केलं तर एवढ्या वाफेने भिंती चिकट होतात.

पाक झाला हे कसं कळतं?

आपल्या गुऱ्हाळात गूळ होण्याआधी काकवी काढतात, तसाच हा मधला टप्पा. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा तापमान सुमारे 4 अंशांनी वर गेलं की सिरप तयार. त्यापुढे आटवलं तर साखर होते. शेवटच्या काही मिनिटांत लक्ष हटलं तर पाक करपतो आणि सगळ्यांचीच मेहनत वाया जाते.

युरोपीय लोक येण्याआधीपासून अनिशिनाबे, अबेनाकी असे तिथले मूळ रहिवासी हा रस गोळा करून आटवत होते.

धोका कशाचा?

पालवी फुटू लागली की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो. सगळा खेळ गोठण्या-वितळण्याच्या त्या काही आठवड्यांचा. हिवाळे उबदार होत गेले, तर हे दिवस लवकर येतात आणि लवकर सरतातही. कढई, लाकूड, शेजारी सगळं तयार असलं तरी रात्रीची थंडी काही कुणाला विकत आणता येत नाही.